चकचकीत फ्लँज आणि गहाळ झालेले आठ बोल्ट

जबाब
दिनांक १३/११/२०२५, गुरुवार, दुपारी १ वाजून २० मिनिटे

नाव: श्रीमती तानुबाई नागसेन ओव्हाळ. वय: ५४ वर्षे. शिक्षण: शाळेत चौथी, पुढचे घरी. धंदा: नोकरी, स्टोअर मदतनीस, सोपानकृपा पॅकेजिंग. राहणार: पाण्याच्या टाकीमागे, कुरुळी, ता. खेड, जि. पुणे.

वर नाव लिहिलेली मी, चौकीतून बोलावणे आल्यावरून स्वतः चालत येऊन, हवालदार मारुतराव कड यांच्या समोर बसून विचारल्याप्रमाणे सांगते की,

मी वरील ठिकाणी भाड्याच्या खोलीत एकटी राहते. मुलगी मैत्री लग्न होऊन तळेगाव दाभाड्याला असते. पती नागसेन सखाराम ओव्हाळ हे दोन वर्षांपूर्वी वारले. हवालदारांनी त्यांच्या नावामागे 'मयत' लिहिले. ते बरोबरच आहे, पण ते सव्वीस वर्षे पाईप फिटर होते, तेही लिहावे असे मी म्हणाल्यावरून लिहिले.

आमच्या कंपनीत खोकी होतात. मोटारींचे सुटे भाग ज्यांत भरून जातात ती तपकिरी, नालीदार पुठ्ठ्याची. कागदाला नाली पाडायला आणि थर चिकटवायला गरम वाफ लागते. वाफ बॉयलरमध्ये होते आणि पाईपातून मशीनला जाते. यंदा नवीन मशीन आले व त्याला नवीन पाईपलाईन टाकली. आज सकाळी साडेदहाला तिची पूजा होऊन वाफ सोडायची होती. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, म्हणून पाहुण्यांच्या सोयीने आजचाच दिवस धरला होता.

माझ्यावर फिर्याद अशी आहे की, त्या लाईनच्या शेवटच्या जोडाचे आठ बोल्ट व सोळा नट मी स्टोअरमधून चोरले, आणि त्यामुळे पूजा, वाफ व पाहुणे हे तिन्ही खोळंबले. खोळंबले हे खरे आहे. चोरी खरी नाही. बोल्टवाचून ती लाईन आज सुरू झाली नाही, हे मात्र फार बरे झाले. ती आहे तशी उद्याही सुरू होऊ नये, म्हणून मी हे सगळे सविस्तर सांगत आहे.

फ्लँज म्हणजे काय, असे हवालदारांनी विचारले. फ्लँज म्हणजे परातीसारखी गोल, पण अंगठ्याएवढी जाड धातूची चकती. मधे मोठे भोक, कडेने बोल्टची भोके. दोन पाईप जोडायचे तर दोघांच्या तोंडाला एक-एक चकती लावतात, दोन्ही समोरासमोर आणतात, मधे गॅस्केट, म्हणजे गळू नये म्हणून चपटी कडी, घालतात आणि बोल्टने आवळतात. आमच्या चार इंची पाईपाला आठ बोल्ट लागतात. प्रत्येकाला दोन्ही टोकांनी नट, म्हणून नट सोळा. फिर्यादीत एकूण चोवीस नग लिहिले आहेत, तो हिशेब बरोबर आहे.

आधी त्या लाईनला काळे फ्लँज आणले होते. साध्या कार्बन पोलादाचे. गेल्या सोमवारी कंपनी चालवणारे सोपानशेठ येळवंडे यांचे पुतणे कुलदीप यांनी ते काढायला लावले आणि चकचकीत स्टेनलेसचे बसवायला सांगितले, कारण पूजेला गिऱ्हाईक कंपनीचे साहेब येणार होते आणि ड्रोनवाला येणार होता. काळे फ्लँज फोटोत गंजल्यासारखे दिसतात, असे त्यांचे म्हणणे. नवीन माल आत घेताना मी प्रत्येक नगावरचे अक्षर वाचते आणि वहीत उतरवते. त्या फ्लँजवर तीनशे चार, पुढे एल, आणि पुढे दीडशे असे ठोकलेले होते. माल चोख होता. खोटा किंवा चोरीचा नव्हता. चूक मालाची नाही, हे मुद्दाम लिहावे.

मी कुलदीप यांना म्हणाले, "दादा, हे बारा किलोच्या वाफेला चालणार नाहीत."

कुलदीप म्हणाले, "मावशी, एसएस आहे हे. एसएस! लोखंडाच्या तिप्पट भाव आहे."

मी म्हणाले, "भाव तिप्पट आहे. दाब तिप्पट नाही. उलट कमी आहे."

त्यांनी तिथेच मोबाइलला विचारले की स्टेनलेस जास्त मजबूत की लोखंड. मोबाइलने स्टेनलेस सांगितले. मी म्हणाले, "त्याला विचारा, कोणतं स्टेनलेस, आणि किती गरम." ते म्हणाले, "तुम्ही हातमोजे मोजा, मावशी. मटेरियलचं मी बघतो." ते एमबीए झालेले आहेत.

दाबाचे किलो म्हणजे काय, असे हवालदारांनी विचारले. कारखान्यात दाब किलोत बोलतात. नखाएवढ्या जागेवर इतके किलो जोर, असे समजावे. पुस्तकात बार असते. दोन्हींत रुपयाला दोन पैशांचा फरक, म्हणून मी इथे सगळीकडे किलोच म्हणत आहे.

मग मी मंगळवारी दुपारी सोपानशेठना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितले. त्यांचे बोलणे जसेच्या तसे लिहावे अशी माझी विनंती आहे. हवालदार म्हणाले, जबाब शुद्ध भाषेत असतो. मी म्हणाले, शेठ शुद्ध भाषेत बोलले नाहीत.

शेठ म्हणाले, "बाई, त्येच्यावर दीडशे लिवलंय का न्हाई?"

मी म्हणाले, "लिहिलंय."

"आपलं किती? बारा. दीडशेत बारा म्हंजे धा टक्के बी न्हाईत. आन् तुमी मला भ्या दाखवताय?"

मी त्यांना सांगितले की दीडशे हे दाबाचे किलो नव्हेत. तो त्या फ्लँजचा वर्ग आहे. दीडशेचा वर्ग, तीनशेचा वर्ग, सहाशेचा वर्ग, अशी ती नावे आहेत. दीडशे वर्गाच्या कोणत्याही साध्या फ्लँजला दीडशे किलो कधीच सोसत नाहीत, गारातसुद्धा नाहीत. सातपुते आडनावाच्या माणसाला सात मुलगे असतातच असे नाही.

इथे हवालदारांनी टंकन थांबवून सांगितले की, आमचे साहेबच सातपुते आहेत. मी विचारले, त्यांना किती मुलगे. हवालदार म्हणाले, दोन मुली. मी म्हणाले, तेच मी सांगते आहे. हवालदार म्हणाले, हे वाक्य काढू. मी म्हणाले, राहू द्या, यावरून साहेबांना लगेच समजेल.

फ्लँज किती दाब सोसतो हे तीन गोष्टींवर ठरते. वर्ग कोणता, धातू कोणता आणि आतला माल किती गरम. पहिली गोष्ट सगळे बघतात, कारण ती अंकात ठोकलेली असते. उरलेल्या दोन कोणी बघत नाही. धातू तापला की तो मऊ पडतो. मे महिन्यात चौकातले डांबर बघावे. ट्रक तोच, माल तेवढाच, पण हिवाळ्यात ज्या रस्त्यावर चाक उमटत नाही त्यावर उन्हाळ्यात उमटते. फ्लँजचे डांबरासारखे पाणी होत नाही, पण रीत तीच. माझे पती म्हणत, "गार असताना सगळेच पैलवान."

आमच्या बारा किलोच्या वाफेला एकशे नव्वद अंशांच्या वर उष्णता असते. वाफेचे दाब आणि उष्णता बांधलेलेच असतात, एक वाढवले की दुसरे वाढते. तेवढ्या उष्णतेला काळा फ्लँज चौदा किलोपर्यंत चालतो. आपले बारा. ठीक. चकचकीत तीनशे चार एल तेवढ्याच उष्णतेला साडेअकराच्या पुढे चालत नाही. आपले बारा. ठीक नाही. 'एल' म्हणजे त्यात कार्बन कमी घातलेला असतो. त्यामुळे वेल्डिंगला तो चांगला, गंजायला कठीण, औषधाच्या आणि दुधाच्या कारखान्यांत त्याला मान आहे. पण जोर थोडा कमी. गारातसुद्धा काळ्यापेक्षा कमी.

सोपानशेठ म्हणाले, "आर्ध्या किलोनं काय व्हतंय? आर्धा किलो म्हंजे काय, दोन वाट्या साखर."

मी म्हणाले, "शेठ, लाईनचा सेफ्टी व्हॉल्व साडेबारा किलोला उडतो. म्हणजे बारापर्यंत रोज जाणार आणि साडेबारापर्यंत कधीही जाऊ शकतं. रोज तापणार, रोज गार होणार. आज फुटेल असं मी म्हणत नाही. पण जे पुस्तकात बसत नाही ते लावायचं नाही."

"कोनाचं पुस्तक?"

मी सांगितले, ओव्हाळांचे.

शेठ म्हणाले, "गेलेल्या मान्साचं पुस्तक आता कंपनी चालवनार व्हय?"

मी खाली येऊन हातमोजे मोजले. चाळीस जोड भरले.

बुधवारी सकाळी लाईनची पाण्याची परीक्षा झाली. पाईपात गार पाणी भरून पंपाने अठरा किलो दाब चढवला आणि अर्धा तास धरला. एक थेंब गळला नाही. कुलदीप यांनी पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाले, "काय मावशी, अठराला पास! बाराचं काय घेऊन बसलात?" मी पेढा घेतला. मी म्हणाले, "पास झाली ती गार पाण्यात. परीक्षेपुरता जास्त दाब चालतो, तसं पुस्तकातच दिलंय. वाफ गार असती तर मीही पेढे वाटले असते." बॉयलरवाले धोंडीबा तिथेच उभे होते. ते मला म्हणाले, "ताई, मला समजतंय तुमचं. पण मला पोरं हायेत तीन." नवीन लाईनचे सरकारी बॉयलर तपासणीचे कागद अजून आलेले नाहीत, असेही मला त्यांच्याकडून कळले. तो जबाब त्यांचा त्यांनी द्यावा.

परीक्षेनंतर पाईपातले पाणी काढायला शेवटचा जोड उघडला. नवीन गॅस्केट घालून तो गुरुवारी सकाळी आवळायचा होता. तोपर्यंत त्याचे आठ बोल्ट आणि सोळा नट स्टोअरला परत आले. मी पुसून, तेल लावून कपाटात ठेवले व वहीत नोंद केली.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेपाचला कौशल्याबाई येळवंडे स्टोअरमध्ये आल्या. त्या सोपानशेठच्या पत्नी. हातात सुतळी होती. हाराचे माप घ्यायला आल्या होत्या.

त्या म्हणाल्या, "तानुबाई, हार केवढा लागंल ओ? ह्यांनी सांगितलंय, चकत्या झाकाय नकोत. चकत्या दिसल्या पायजेत."

मी विचारले, "हार बांधणार कुठं?"

"त्या शेवटच्या जोडाला. तिथंच मी न् हे हुबं ऱ्हायचं. ताट माझ्याकडं, नारळ ह्यांच्याकडं. नारळ फुटला की धोंडीबा वाफ सोडनार, आन् वरनं त्ये इमान फोटो काढनार."

"तुम्ही किती लांब उभ्या राहणार?"

"हातभर. लांबनं कुनी ओवाळतंय व्हय?"

मी त्यांना खुर्ची दिली. वही उघडून सगळे समजावून सांगितले. वर्ग, धातू, उष्णता. वाफ जोडातून निसटली तर ती आधी दिसतच नाही, फक्त शिट्टी ऐकू येते, आणि तिच्यापुढे हात धरला तर हात राहत नाही, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजे काळं चाललं आसतं?"

मी म्हणाले, "चाललं असतं. खुशाल चाललं असतं."

"न् गोरं न्हाई."

"या कामाला नाही."

"माझी सासू ऐकाय पायजे हुती," त्या म्हणाल्या. "काळी म्हनून दोनदा माघारी धाडलं हुतं मला. तिसऱ्यांदा माझ्या बापाची जमीन बगून व्हय म्हनली."

मग त्यांनी बोल्ट कुठे आहेत ते विचारले. मी कपाटाकडे बोट केले. त्या म्हणाल्या, "द्या मला."

मी म्हणाले, "ह्यांना सांगून बघा आधी, शेठना."

"मी सांगितलं की म्हन्त्यात, तू पुरनाचं बग. द्या तुमी."

मी म्हणाले, "चिठ्ठीशिवाय स्टोअरमधून माल बाहेर जात नाही."

"मंग करा चिठ्ठी. कंपनीत मी कोन हाय?"

मी म्हणाले, "मालक."

"कागदावर."

मी म्हणाले, "चिठ्ठीपण कागदच असते."

हे इथे स्पष्ट करते. कंपनी महिला उद्योजकांच्या योजनेतून उभी राहिली आहे. त्यासाठी सगळे कागद कौशल्याबाईंच्या नावाने आहेत. परवाना, वीज, बँक, सगळीकडे मालक त्याच. दर महिन्याला कुलदीप त्यांच्याकडे सह्यांचा गठ्ठा घेऊन जातात आणि त्या भाजी निवडता निवडता सह्या करतात. सोपानशेठ यांचे नाव गेटवरच्या पाटीवर आहे. कागदावर ते कोणी नाहीत. आमच्या पट्ट्यात अशा कंपन्या बऱ्याच आहेत, ही काही कुणाची बदनामी नव्हे.

मी चिठ्ठी लिहिली. बोल्ट आठ, नट सोळा. कोणास दिले: कौ. सो. येळवंडे, मालक. कारण: या रकान्यात काय लिहू, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पूजेसाठी." तसे लिहिले. त्यांनी सही केली. चिठ्ठीची कार्बन प्रत स्टोअरच्या वहीत पान ६१ ला आहे. बोल्ट मी पुसून कापडी पिशवीत घालून दिले. वजन अडीच-तीन किलो भरले असेल. त्यांना उचलताना त्रास झाला नाही.

इथे हवालदारांनी टंकन पुन्हा थांबवले. ते म्हणाले, "मावशी, म्हणजे बोल्ट मालकानं नेलेत?"

मी म्हणाले, "सही करून."

ते म्हणाले, "मग बाहेर बाकावर बसलेत ते कोण?"

मी म्हणाले, "त्यांचे मिस्टर."

हवालदार उठून पाणी प्यायले. मग म्हणाले की सकाळचे सांगून घ्या, मग बघू.

आज सकाळी मी आठला हजर झाले. पावणेनऊला फिटर बोल्ट मागायला आला. मी सांगितले, स्टोअरमध्ये नाहीत. साडेनऊपर्यंत ही गोष्ट सगळीकडे झाली. कुलदीप बोल्ट विकत आणायला मोटारसायकलवरून भोसरीला गेले. तिथून त्यांनी फोन केला की गुरुवार असल्यामुळे सगळी शटर खाली आहेत. सोपानशेठ म्हणाले, "मग मुहूर्त गुरुवारचा कोनी काडला?" कुलदीप म्हणाले, "तुम्हीच, काका." हे सगळ्यांनी ऐकले, कारण फोन स्पीकरवर होता.

गिऱ्हाईक कंपनीचे साहेब आले होते. ड्रोन उडाला होता. त्याने अर्धा तास चहाच्या टेबलाचे चित्रीकरण केले. शेठ मला सगळ्यांसमोर म्हणाले, "बोल्ट काड, न्हाईतर पोलिसांत देतो." एरवी ते मला अहो-जाहो करतात. मी म्हणाले, "माझ्याकडे नाहीत." ते म्हणाले, "मग हायेत कुनाकडं?" मी उत्तर दिले नाही.

उत्तर का दिले नाही, असे हवालदारांनी विचारले. त्याला दोन कारणे आहेत. पाहुण्यांसमोर एखाद्या माणसाला 'तुमच्या बायकोला विचारा' असे सांगणे मला बरे वाटले नाही. दुसरे म्हणजे, उत्तर दिले असते तर बोल्ट मिळाले असते. कौशल्याबाई तिथेच हिरवी पैठणी नेसून पूजेचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. ताटावर विणलेला रुमाल होता. ताट त्यांनी दोन्ही हातांनी, पोटाशी टेकवून धरले होते. साडेअकराला पाहुणे जेवून गेले. नारळ फुटला नाही.

मला दमदाटी झाली का, असे विचारले. नाही. मला नोकरीवरून काढले का, असे विचारले. ते शेठनी सांगितले आहे, पण पत्रावर सही मालकाची लागते.

यानंतर हवालदारांनी माझ्यासमोर कौशल्याबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "व्हय, माझ्याकडंच हायेत. ताटात हायेत. हळदकुकू लावून ठिवल्यात, पूजेसाटी म्हनून सही केलीया ना मी." हवालदारांनी विचारले, मग तक्रार मागे घ्यायची का? त्या म्हणाल्या, "ज्यांनी दिली त्येंनी घ्यावी. मला कशाला इचारता सायेब? मी निस्ती सही करनारी बाई." पुढे म्हणाल्या, "आन् तानुबाई जेवल्यात का इचारा. मी डबा धाडते. पुरनपोळ्या लई उरल्यात."

हवालदारांनी सोपानशेठना आत बोलावले. शेठनी विचारले, "काय म्हनली?" हवालदार म्हणाले, "बोल्ट ताटात आहेत म्हणाल्या." शेठ खाली बसले. मग म्हणाले, "सकाळपास्नं त्येच ताट माझ्यापुडं धरून हुबी हुती ती." हवालदार म्हणाले, "आणि शेठ, कागद बघितले तर तुम्ही कंपनीचे कोणीच लागत नाही. मालकानं स्वतःचा माल नेला म्हणून तिऱ्हाईतानं फिर्याद दिली, असं होतंय हे." शेठ म्हणाले, "तिऱ्हाईत म्हंजे मी का?" हवालदार म्हणाले, "कागदावर."

मग शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, येवढं व्हतं तर नीट सांगायचं न्हाई का?"

मी म्हणाले, "मंगळवारी सांगितलं, शेठ. त्याआधी कुलदीपदादांना सांगितलं. काल पेढा खातानाही सांगितलं."

शेठ म्हणाले, "त्ये समदं आकड्यात सांगितलंत. ती हातभर अंतरावर हुबी ऱ्हानार व्हती, ह्ये नव्हतं सांगितलं."

हे त्यांचे म्हणणे खरे आहे. हे मी मंगळवारी सांगितले नव्हते, कारण कोण कुठे उभे राहणार ते मला तेव्हा माहीत नव्हते. पण कोणीतरी उभे राहणारच होते. पूजेनंतर रोज धोंडीबा उभे राहिले असते.

शेठनी विचारले की काळे फ्लँज भंगारात गेले का. मी सांगितले की नाही, भंगाराची चिठ्ठी कोणी केली नाही म्हणून ते स्टोअरमागे ताडपत्रीखाली आहेत, बारा नग. शेठनी हवालदारांसमोर लिहून दिले आहे की, ते बसवून, सरकारी तपासणीचे कागद आल्याशिवाय लाईनला वाफ सोडणार नाही. खाली सही केली. हवालदार म्हणाले, मालकाचीही घेऊन या. शेठनी हो म्हटले. फिर्याद मागे घेण्याचा अर्ज त्यांनी वेगळा दिला आहे. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

हवालदार म्हणाले की, मी पिशवीत सोबत आणलेले फ्लँजचे पुस्तक पुरावा म्हणून जमा करावे लागेल. मी त्याला नकार देते. पुस्तक इंग्रजी आहे, पतीने जुन्या बाजारातून घेतलेले, पाने सुटी झालेली आहेत, आणि मुद्देमालाच्या खोलीत ते टिकणार नाही. त्याऐवजी मी दोन्ही धातूंचा तक्ता इथेच कोऱ्या कागदावर लिहून दिला, तो जबाबाला जोडावा. म्हणजे पुढे कोणी चकचकीत माल आणला तर बाईने सांगितले नव्हते असे होणार नाही. अडतीस अंश, पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे, अशा ओळी मी लिहिल्या. दोनशेची ओळ काळ्याची तेरा पूर्णांक आठ, चकचकीतची अकरा पूर्णांक दोन. हवालदारांनी पुस्तकाशी ताडून पाहिले. एकही आकडा चुकला नव्हता. पुस्तक न उघडता तुम्हाला हे कसे येते, असे त्यांनी विचारले, आणि अडीचशे, तीनशे का लिहिले नाही, असेही विचारले.

पती शेवटचे सात महिने घरीच होते. साखरेच्या आजाराने त्यांचे डोळे गेले होते. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की ते म्हणत, तक्ता वाच. मी इंग्रजी अंक आणि अक्षरे मालाच्या खोक्यांवरून शिकले होते, त्यामुळे मला वाचता येई. मी उष्णता वाचायची, ते दाब सांगायचे. चुकले तर मी सांगायची, पण ते चुकत नसत. माझी पाठांतराची इच्छा नव्हती, ऐकून ऐकून झाले. रोज पहिल्या ओळीपासून सुरुवात करायचो, कारण मधूनच सुरुवात त्यांना आवडत नसे. ते दमले की थांबायचो. शेवटच्या दिवशी दोनशेच्या ओळीपर्यंत आलो होतो. पुढच्या ओळी मी नंतर वाचल्या आहेत, पण त्या मला पाठ होत नाहीत. त्या हव्या असल्यास पुस्तकात बघून लिहून देते.

हवालदारांनी नको म्हटले.

हा जबाब संगणकावर टंकलिखित केल्यावर मला वाचून दाखवला, आणि नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. एका ठिकाणी 'पतीस वाचता येत नव्हते' असे लिहिले गेले होते. पतीस वाचता येत होते, दिसत नव्हते. तेवढी दुरुस्ती करून घेतली आहे व तिच्यापुढे मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.

(सही) तानुबाई नागसेन ओव्हाळ

समक्ष: (सही) मारुतराव कड, पोलीस हवालदार
सोबत: हस्तलिखित तक्ता, पान एक